डावी बाही

दीपानं ब्लाऊज अंगाला लावून आरशात पाहिलं. गडद निळी मखमल. शिलाईत कुठं खोट नाही, गळा सांगितला तसाच. फक्त डावी बाही हिरवी होती.

परवा तिचं लग्न, विहारात. पांढऱ्या साडीवर निळा ब्लाऊज, आणि तो पुसदच्या नबी टेलरकडंच शिवायचा, हा तिच्या आईचा हट्ट. आई म्हणजे रुखमाबाई. तीस वर्षांची गिऱ्हाईक आणि तीस वर्षांची भांडखोर. बोटभर बाही लांब झाली तरी ही बाई अख्खा बाजार गोळा करायची. तिनंही आता बाही पाहिली, तोंड उघडलं, तर दीपानं तिचं मनगट असं दाबलं की बांगड्या करकरल्या.

मशीनमागं गुलाम नबी बसले होते. वय सत्तर. मान वर करून कौतुकाची वाट पाहत होते.

"मखमल शिवणं सोपं नाही, पोरी," ते म्हणाले. "सगळे तुकडे एकाच बाजूनं कापा लागते. लव खाली जाते का वर जाते, थे डोळ्याले नाही समजत, हातालेच समजते." त्यांनी उपडा हात हवेत फिरवून दाखवला. "नावातच हाय ना थे. मखमल अरबी शब्द. खमल म्हंजे लव. नावात मऊपणा नाही, चमक नाही, रंग नाही. लव असली का झाली मखमल."

हे व्याख्यान मखमल आणणाऱ्या प्रत्येकीला ऐकावंच लागे. दीपानं मापाच्या दिवशी ऐकलं होतं, आणि पोरगी शाळेत शिकवते, तिनं घरी जाऊन मोबाइलवर शोधलंही होतं.

"चाचा, इंग्रजीतल्या व्हेलवेटचंही तेच निघालं," ती म्हणाली. "लॅटिनमधून आला म्हणे शब्द. त्याचाही अर्थ केसांचा झुपका."

"मंग!" गुलाम नबींनी मांडीवर थाप मारली. "माहे उस्ताद चवथी नापास होते, पण खोटं नव्हते सांगत."

दीपाला वाटलं, आता सांगून टाकावं. पण म्हातारा तिच्याकडं पाहून हसत होता. म्हणजे तिच्या कानाच्या बाजूला कुठंतरी पाहून हसत होता.

"मस्त झाला, चाचा," ती म्हणाली आणि ब्लाऊज पिशवीत घातला.

रुखमाबाई उठली. "बरं, येतो नबीभाई," एवढंच बोलली आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

दुसऱ्या मशीनवर गुलाम नबींची सून नुजहत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. उर्दू घरी, दुकानात वऱ्हाडीच, हा सासऱ्यांचा नियम. गिऱ्हाइकाला उगाच वाटायला नको, आपल्याला नावं ठेवून राह्यले म्हणून. गिऱ्हाईक नसलं तरी तो नियम सुटत नसे.

"नुजहत, काय चुकलं?"

"काही नाही, अब्बा."

"रुखमाबाई चूप गेली. आजपावतर कधी गेली काय? सांग, काय चुकलं."

नुजहतनं मशीन थांबवली. "डावी बाही हिरवी लागली. मोतीबाईच्या ब्लाऊजपीसमधली. दोन्ही मखमलीचे कपडे टेबलावर संगंच होते."

गुलाम नबींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मुलगा आसिम ईदेपासून मागं लागला होता. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन करा. नाहीतर एक कपडा बिघडला की त्याच दिवशी दुकानाचं शटर खाली. ऑपरेशनला म्हातारा भ्यायचा. 'मले सगळं दिसते' हे एकच उत्तर त्यांनी पाच महिने पुरवलं होतं.

"मंग धागा कसा नाही चुकला आजवर?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना हा मुद्दा जिंकल्यासारखा वाटला होता.

"धागा मीच बदलून ठेवते," नुजहत म्हणाली. "तुमी नमाजले जाता तवा."

राग तर आला होता, पण काढावा कोणावर? सुनेवर काढावा, तर ती इतके दिवस त्यांची लाज झाकत आलेली. दीपावर काढावा, तर तिनंही तेच केलं. डावी बाही. म्हणजे लग्नात ती पदराखाली जाईल, हेही त्यांच्या लक्षात आलं. आणि आपल्या हातचं काम कोणी लपवून घालणार, यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेबलावर कैची होती. चाळीस वर्षांत तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपला नव्हता. ती त्यांनी चाचपून उचलली आणि तिची मूठ पुढं करून सुनेकडं सरकवली.

"निळा तुकडा उरला असंन. बाही तू काप. लव वर जाऊ दे. मोतीबाईले मी सांगतो काय सांगायचं थे."

"अब्बा, दीपा तर गेली. बसस्टँडवर पोचली असंन आता."

"मंग धाव ना! आण दोघीले परत."

नुजहत चपला घालायला वाकली. "काय सांगू त्यायले?"

"दीपाले काही नको सांगू," गुलाम नबी म्हणाले. आवाज चढला होता, शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून पाहू लागला. "रुखमाबाईले सांग. म्हणा, नबी टेलर मेला नाही अजून. या, अन् भांडा."