फणसावरची आळंबी

पहिलाच घास चावता चावता चन्नाप्पा थांबले. ताट सारून ताडकन उठले.

"सोमशेखर, ऊठ! कोंबडी खाऊ घातली ह्यांनी आपल्याला!"

वाढायला वाकलेली प्रियदर्शनी जागीच थिजली. या एका जेवणासाठी तिनं दोन वर्षं वाट बघितली होती. ती आणि सोमशेखर कागलच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला. तो जयसिंगपूरच्या लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा, ती पन्हाळ्याच्या पायथ्याच्या मराठ्यांची लेक. "मटण शिजतं त्या घरची सून मला नको," यावर त्याचे वडील चन्नाप्पा अडून बसलेले. आज कसेबसे बायको-मुलासह तिच्या घरी जेवायला आले होते. त्यांच्यासाठी तिनं भांडीसुद्धा नवी आणली होती.

"काका, कोंबडी न्हाय ती. आळंबी हाय, झाडावरची."

"आळंबी मला नवी न्हाय. मऊ असती ती. ही धाग्याधाग्यानं सुटतीया. फसवतीस व्हय?"

तिचे वडील हात जोडून पुढं झाले. प्रियदर्शनीनं त्यांना अडवलं.

"माफी कशाची मागताय, बाबा? आपलं काय चुकलंय?" तिनं विळा उचलला. "काका, परड्यात चला. बघा, मग खुशाल जावा."

घरामागच्या परड्यात जुना फणस होता. त्याच्या खोडावर पिवळ्या-केशरी आळंबीचे थरावर थर आले होते, फळीवर फळी ठोकावी तसे. तिनं सगळ्यांसमोर एक थर कापला, चुलीवर तेला-मिठात परतला आणि वाटी चन्नाप्पांपुढं धरली.

चन्नाप्पांनी वास घेतला. एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"चुकलो, पोरी," ते शेवटी म्हणाले. "माझ्यापुढं अशी ताठ उभी राहिलीस, अशीच सून पायजे मला. दिवाळी झाली की बार उडवायचा!"

सोमशेखरनं बापाचे पाय धरले. प्रियदर्शनीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. पुन्हा पंगत बसली. चन्नाप्पा रस्सा मागून मागून ओरपत होते.

"काय चव हाय! हुबेहूब गावरान कोंबडी. कुणीबी फसंल की!"

इतका वेळ गप्प जेवणाऱ्या त्यांच्या बायकोनं, रत्नव्वानं, हातातला घास खाली ठेवला.

"व्हय ओ," ती म्हणाली, "पर कोंबडीची चव तुमास्नी कशी ठाऊक?"