सुमन सिस्टरचा चार्ज

पाच वर्षांनी उपकेंद्राला नर्स मिळाली. नवी आरती सिस्टर वस्तीवर आली, तसं मनकर्णाआजीनं नातवाचं लसीचं कार्ड तिच्यापुढं टाकलं. "लई लवकर उगवलीस गं!"

आरतीनं कार्ड उघडलं आणि ती चपापली. सगळे डोस दिलेले होते. आधीच्या सुमन सिस्टरच्या शेवटच्या सहीखाली परवाची तारीख होती.

"आजी, ह्या सुमन सिस्टर तर कोरोनात वारल्या ना?"

"व्हय, वारली. पन तिचा चार्ज घ्यायला कुनी आलंच न्हाई, मग सुटंल कशी ती? तू तरी कायमची हायेस का?"

"नाही हो. तीन महिन्यांचं कंत्राट आहे."

आजी रिकाम्या ओट्याकडं वळली. "सुमे, तीन म्हैनं इसावा घे पोरी. मग हायेच तुला."