जुळलेल्या नोंदी

यशवंतपूरच्या यार्डातला मेकॅनिक कल्लाप्पा दर शुक्रवारी एखाद्या क्रेनचा नंबर चुकीचा लिहायचा. मग दुरुस्तीची नोंद बांधकामाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जुळायची नाही आणि मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर भागातल्या ऑफिसातून फोन करावा लागायचा. मी चिडलेली असायचे. तो निपाणीकडच्या हेलात आधी विचारायचा, "जेवलासा काय, अक्का?" या कानडी शहरात आठवडाभरात माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच. शेवटी वैतागून मीच साहेबांना सुचवलं आणि प्रत्येक मशीनवर स्कॅनचा कोड लागला. नंबर लिहायचं कामच संपलं. या शुक्रवारी सगळ्या नोंदी आपोआप जुळल्या. दोन वाजले तरी माझा डबा तसाच होता. मी एका क्रेनच्या नंबरातला शेवटचा आकडा बदलला आणि फोन लावला. "अण्णा, नंबर परत चुकलाय." कोड चुकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "माझंच चुकलं असंल. जेवलासा काय, अक्का?"