सातवा खण

माती तपासणीच्या नकाशात सात नंबरची खुंटी मागच्या भिंतीपाशी होती. जमिनीवर ती फाटकाजवळ ठोकलेली निघाली. खुंट्यांना काही पाय फुटत नाहीत. बोअरवाल्याने नकाशा परत एकदा बघितला, मशीन ढकलत भिंतीपाशी नेलं आणि भोक पाडायला घेतलं.

फाटकाच्या बाजूला बिल्डरने गेल्याच महिन्यात दोनशे ट्रक लाल माती पसरली होती. तिथल्या सहा बोअरमधून निघालेल्या मातीच्या कांड्या लाकडी पेटीत ओळीने निजल्या होत्या, एकेका खणात एकेक. कशा लालबुंद, गुणी. सातवा खण तेवढा रिकामा होता.

त्याचा डबा घेऊन आलेली त्याची आई पालथ्या बादलीवर बसली होती. इथे कारखाना होता तेव्हा बावीस वर्षं तिने क्रोमच्या तेजाबात बुडवून नळांना चकाकी चढवली. त्या वाफेने तिच्या नाकाचा आतला पडदा खाल्ला. वास म्हणून तिला यायचा नाही. पण डोळे शाबूत होते.

दोन मीटरवरची कांडी बाहेर आली. हिरवी-काळी, खालून पिवळं पाणी ठिबकतंय.

"घाणीची टाकी लागली रे," आई म्हणाली. "उरलंसुरलं सगळं इथंच ओतायचो."

बोअरवाल्याने नाकाला फडकं बांधलं. पेटीत भरायला कांडी उचलणार, तोच बिल्डरचा साहेब तरातरा चालत आला आणि पांढऱ्या बुटांनिशी थेट त्या चिखलात उभा राहिला.

"इथं कुणी सांगितलं खणायला?"

"नकाशानं."

"खुंटी दिसली नाही?"

"दिसली ना. लांब फिरायला गेली होती."

साहेब हसला नाही. त्याने बुटाने कांडी भोकात लोटली, वरून आजूबाजूची माती ढकलली. "सहामधली अर्धी काढ, सातमध्ये भर. पाच वाजता प्रयोगशाळेची गाडी येईल."

"साहेब, या जागेवर कामगारांची इमारत उठणार. आमच्या आईला तळमजला लागलाय."

"मग पेढे वाट की. फुकटात घर मिळतंय, वर खालची मातीही सोन्याची पाहिजे?" त्याने आईकडे बघितलं. "आणि मावशी, तुमचा जन्म गेला यात. तुम्हाला काय होतंय आता?"

आईने पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या पायांकडे बघत राहिली.

साहेब गाडीपाशी गेला, दार उघडलं आणि थबकला. वास त्याच्याबरोबरच आला होता. त्याने खाली बघितलं. बाटलीतलं पाणी ओतलं, रुमालाने घासलं; हिरवा डाग आणखी पसरला. शेवटी त्याने दोन्ही बूट चिमटीत धरून काढले, हात लांब करून भिंतीकडे भिरकावले, आणि मोज्यांवरच गाडीत बसला.

"सील नीट लाव," काच वर करता करता तो म्हणाला.

धुरळा खाली बसला. मग बोअरवाला उठला. एक बूट त्याने उचलला, चिखल झडू न देता सातव्या खणात दाबून बसवला. पेटीवरचं लेबल मांडीवर घेतलं आणि सावकाश लिहिलं: बोअर सात, खोली दोन मीटर, मागची भिंत.

खाली नमुना आणणाऱ्याचं नाव लिहायची ओळ होती. तिथे त्याने साहेबाचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

"दुसराही ठेव," आई म्हणाली. "जोड कशाला मोडतोस."