गप्प बाटली

सोमवारी पूजा होईपर्यंत मौन पाळायचं, हा इंदुमतीबाईंचा नेम. त्यात घरातल्या बोलक्या लेबलांच्या बाटल्यांचा आरडाओरडा त्यांना फार टोचायचा. फरशीचं ॲसिड नुसतं सरकवलं, तरी लेबल किंचाळायचं, "जहाल! हात लावू नका!"

काल त्या वैतागल्या. घातक कचऱ्याची गाडी मंगळवारी यायची. तोवर त्यांनी उरलेलं ॲसिड गंगाजलाच्या जुन्या, बिनलेबलाच्या बाटलीत ओतून मोरीत ठेवलं. घर शांत झालं.

आज त्यांचे यजमान माधवराव तीच बाटली घेऊन देवघरात आले. "अगं, गंगाजल मोरीत ठेवतात का?" सर्दीने त्यांचं नाक चोंदलं होतं. त्यांनी तीर्थाच्या वाटीत धार धरली.

इंदुमतीबाईंना मौन मोडवेना. त्यांनी जोरजोरात हात हलवले.

"हो हो, तुळस घालतो. घाबरतेस काय एवढी? बाटली गप्प, तूही गप्प, मग काळजी कसली?" त्यांनी वाटी ओठांशी नेली.

"टाका ते! ॲसिड आहे!"

वाटी खाली पडली. शहाबादी फरशी फसफसली आणि तिच्यावर पांढरा डाग उमटला.

"तुझं मौन मोडलं गं," माधवराव पुटपुटले.

इंदुमतीबाई मात्र बाटलीकडे बघत होत्या. "अहो, ही अर्धी कशी झाली?"

"सोमवार ना आज. थोडं पिण्याच्या माठात घातलं."

स्वयंपाकघरात माठावरचं झाकण वाजलं. सूनबाईंना तहान लागली होती.

"मंजिरी!" इंदुमतीबाई ओरडत धावल्या. "मंजिरी, पिऊ नकोस!"

आतून उत्तर आलं नाही.