दुसरा मोजा

गोलूनं तोंडातली वस्तू हर्षाच्या पायावर टाकली आणि बक्षीस म्हणून दूध मागायला ओरडू लागला. बोक्याची ही जुनी खोड. आजवर त्यानं शेजारच्या चारुशीलाबाईंच्या घरून पोछ्याचं फडकं, वाळत घातलेल्या मिरच्या आणि एकदा तर त्यांच्या मिस्टरांचं बनियन आणलं होतं. हर्षा त्याला आता रागवतही नसे. पण आज ती वाकली, आणि तिथंच खाली बसली.

पिवळ्या लोकरीची टोपी होती. संत्र्यावर घातली तर बसेल एवढी.

"बाबा, हे पाहा ना," ती जिन्याशी जाऊन म्हणाली. "आईनं विणली."

सासरे, रुपराव, गच्चीवरच्या खोलीतून उतरून आले. त्यांनी टोपी पाहिली. मग बोक्याकडे असं पाहिलं, की तो टेबलाखाली गेला.

"कुठून आणली या चोरानं?"

"मले काय माहीत."

"माळ्यावर तिच्या पेट्या हायेत. त्यातली असन," म्हणाले आणि परत वर गेले.

हर्षा जिला आई म्हणायची त्या सासूबाई, सुभद्रा, दिवाळीच्या तोंडावर वारल्या. विणकाम म्हणजे त्या बाईचा जीव. मानेवाड्यातल्या त्यांच्या गल्लीतलं पोर न् पोर त्यांच्या स्वेटरात वाढलेलं. हर्षाला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा त्यांनी बाळाचं सगळं आधीच विणून ठेवलं होतं. सहाव्या महिन्यात सोनोग्राफीला गेले, तर ठोके लागले नाहीत. त्या दिवशी सुभद्राबाईंनी ते सगळं वाटून टाकलं आणि लोकर बांधून माळ्यावर टाकली. "आता बाळ हाती आल्याबिगर एक टाका घालणार नाही," म्हणाल्या. गणपतीत हर्षाला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हाही त्यांनी सुयांना हात लावला नाही.

निदान हर्षाला तसं वाटत होतं.

आता पुन्हा सहावा लागला होता. नवरा, साहिल, सकाळी सातलाच कळमेश्वरला कंपनीत जायचा. घरात ती, सासरे आणि बोका. दिवसातून वीसदा ती पोटावर हात ठेवून बसायची. घास घशाखाली उतरत नव्हता.

टोपी एका बाजूला कललेली होती. टाके कुठे ढिले, कुठे आवळलेले. आईचा हात असा नव्हता. शेवटी शेवटी थरथरत असेल, हर्षाच्या मनात आलं, आणि तिला रडूच फुटलं. दुखण्यात, सगळ्यांपासून लपवून त्यांनी आपली शपथ मोडली होती. या खेपेला बाळ येणार, अशी त्यांना खात्री होती म्हणूनच ना? पोटभर रडून झाल्यावर तिला कडकडून भूक लागली. दोन पोळ्या आणि वाटीभर वरण तिनं उभ्यानंच संपवलं.

आठ दिवसांनी गोलूनं बाही धरून स्वेटर ओढत आणला. तो टोपीपेक्षा पुष्कळ सरळ होता. हा आधीचा असेल, हात चांगला होता तेव्हाचा.

"मी माळ्यावर पाहू का, बाबा?"

"पोटुशी बाई शिडीवर चढते का वं?"

"मग आईच्या सुया तरी द्या. मले विणणं शिकायचं हाये."

रुपराव पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबले. "सुया मी तिच्यासंगं देल्या. घाटावर."

विचारलं ते चुकलंच, असं हर्षाला वाटलं.

रुपराव तीस वर्षं एसटी चालवलेला गडी. कधी देवापुढं हात जोडले नाहीत, की शर्टाचं तुटलेलं बटण स्वतः शिवलं नाही. पण सुभद्राबाई गेल्यापासून दुपारी जेवले, की वरच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. कपडे वाळत घालायला गेली असताना हर्षानं आतून पुटपुटणं ऐकलं होतं. एका लयीत, न थांबता.

"बाबा जप करून राहिले," तिनं साहिलला सांगितलं.

"करू दे. तेवढंच मन लागते त्यांचं."

तेव्हापासून दुपारी ती वर जात नसे.

मग मोजा आला. एकच. नखाएवढी टाच, आणि टाके अगदी एकसारखे. हर्षानं तो कौतुकानं चारुशीलाबाईंना दाखवला.

"जोडी शोध वं," त्या म्हणाल्या. "अधुरी वस्तू पोटुशीजवळ बरी नाही."

त्या बोलून गेल्या, आणि हर्षा तशीच घरात परतली. सोनोग्राफी दुसऱ्याच दिवशी, चार वाजता होती. तिनं दिवाण ओढला, गाद्या उलथ्या केल्या. संध्याकाळी फोनवर साहिलला सांगून टाकलं, "दुसरा मोजा सापडल्याबिगर मी दवाखान्यात पाय ठेवत नाही."

रुपरावांनी ते ऐकलं. मोजा हातात घेऊन त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट पाहिला.

"सापडन," ते म्हणाले.

"कवा?"

"उद्या. तू जायच्या आंधी."

बोलायचं म्हणून बोलले, हर्षाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, अडीच झाले. हर्षा साडी नेसून, एकुलता मोजा मुठीत धरून बसली होती. आज काही ती उठणार नव्हती.

गोलू जिन्यावरून उतरला. तोंडात मोजा नव्हता, पिवळ्या लोकरीचा गुंडा होता. धागा मागं पायऱ्यांवरून वर गेला होता.

"उसवलंस ना, मेल्या, आईचं काम!" हर्षानं गुंडा हिसकावला आणि धागा गुंडाळत एकेक पायरी चढू लागली. वर पोचता पोचता धागा तिच्या हातून किंचित ओढला गेला. थांबला. पुन्हा ओढला गेला.

तो वरच्या खोलीच्या दाराखालून आत गेला होता. आत जप चालू होता. हर्षानं श्वास रोखला आणि पहिल्यांदाच तो नीट ऐकला.

"दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट... सोड गा गोल्या धागा, पोरीले चार वाजता जायचं हाये."