जवाईबापूंचं वायरिंग

विजेशी कोणालाच खोटं बोलता येत नाही. सासऱ्याशी येतं. हर्षलनं बायोडाटात शिक्षणापुढे 'इलेक्ट्रिकल' असं लिहून लग्न जमवलं होतं. प्रत्यक्षात तो नांदुऱ्यात इलेक्ट्रिकलच्या दुकानात बिलं फाडायचा.

आता सोनाळ्याला, सासुरवाडीच्या अंगणात, तो मोटारसायकलीपुढे उकिडवा बसला होता. चहा पिताना सासरे शेषराव एवढंच म्हणाले होते, "गाडीले दोन फॉगलाइट आनले, आज बसवाचे हायेत."

"त्यात काय, मी बसवतो," हर्षलच्या तोंडून निघून गेलं. आणि अंगणातल्या गाडीची सीट त्यानं काढलीसुद्धा. शेषरावांनी तोंड उघडलं, मग मिटलं.

दारात सासूबाई आणि करिष्मा, कुंपणापलीकडे अर्धी गल्ली. उठावं तर इज्जत जाते, बसावं तर गाडी.

त्यानं वायर बॅटरीला नेली. ओट्यावर बसलेला जानराव, बहुधा शेजारी, खाकरला.

"जवाईबापू, पयले निगेटिव्ह सोडान नं? पाना टेकला तं ठिणगी उडन."

"तेच करतोय."

"अन् फ्यूज बॅटरीच्या जवळच. वायर कुठी घासली तं फ्यूज जाते, गाडी वाचते."

"माहीत आहे मला."

"हाव, तुमाले काय सांगा! रिले बी हाय त्या डब्यात. नाही तं सारा लोड बटनावर येते अन् बटन जयते."

हर्षलनं रिले हातात घेतला. तो आजवर त्यानं फक्त बिलात पाहिला होता.

"उलटा धरला काय हो?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"तपासून राह्यले ते," जानराव म्हणाला.

दोन तास हे असं चाललं. वायर सायलेन्सरपासून लांब बांधून झाली, ती ताणत नाही ना हे हँडल दोन्हीकडे फिरवून पाहून झालं, सीट परत बसली. शेवटी बटन दाबलं. लाइट लागले. हर्षलचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण बायोडाटा वाचला होता.

"बेस काम झालं," जानराव म्हणाला. गाडीवर बसला, किक मारली आणि निघून गेला.

"ते गाडी घेऊन कुठं गेले?"

"घरी," करिष्मा म्हणाली. "गाडी त्याईचीच हाय. बाबाची वावरात नेली काकानं."

"मंग मले कोनी सांगतलं काऊन नाही?" हर्षलची शुद्ध भाषाही सुटली.

"जवायाले कोन टोकते?" शेषराव म्हणाले.

जानराव वरवट बकालचा वायरिंगवाला होता. लाइट बसवायला शेषरावांनी त्यालाच बोलावलं होतं.